कळणा : भडगाव परिसरातील अन्नव्यवहाराचा एक शब्द

प्रमाण मराठीत ‘कळणाकोंडा’ हा जोडशब्द दैन्याचा वाचक आहे. एखाद्याने कळणाकोंडा खाऊन दिवस काढले असे म्हटले, की त्याच्या घरी धड धान्य नव्हते, इतरांनी पाखडून बाजूला काढलेले तेवढेच त्याच्या वाट्यास आले, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहतो. ‘कळणा’ म्हणजे डाळ भरडताना निघणारा भरड चुरा, हा त्या शब्दाचा रूढ अर्थ आहे. परंतु गिरणेच्या काठी भडगावास, आणि एकंदर खानदेशात, हाच शब्द मानाचा आहे. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून केलेल्या पिठास तेथे कळणा म्हणतात. क्वचित ज्वारीच्या जागी बाजरी असते. त्या पिठाची काळसर भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर कच्च्या तेलाची धार, हे जेवण पाहुण्यापुढे संकोचाने नव्हे, तर आग्रहाने ठेवले जाते. एकाच शब्दाला एका प्रदेशात हीनत्व आणि दुसऱ्या प्रदेशात प्रतिष्ठा का लाभावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अर्थविचाराचा आहे. त्याचे उत्तर मात्र कोशात सापडत नाही. शेत, खळे, जाते आणि चूल ह्यांना जोडणारी जी एक व्यवस्था ह्या भागात दीर्घकाळ चालू होती, तिच्यात ते शोधावे लागते. ती व्यवस्था माणसांना काय देत होती, कोणास देत नव्हती, आणि ती विस्कटत असताना नेमके काय नाहीसे होत आहे, हे ह्या एका शब्दाच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भडगाव हे जळगाव जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे गाव. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावलेली गिरणा चाळीसगाव तालुक्यातून येथे येते आणि पुढे तापीस मिळते. जुन्या खानदेश जिल्ह्याची १९०६ मध्ये विभागणी झाली तेव्हा हा प्रदेश पूर्व खानदेशात गेला. आजचा जळगाव जिल्हा तो हाच. पाऊस वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. नदीकाठची जमीन खोल व काळी. नदीपासून दूर जावे तसतशी ती हलकी व मुरमाड होत जाते. जामदा बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांनी आणि १९६९ मध्ये पूर्ण झालेल्या गिरणा धरणाने काठच्या पट्ट्यास पाणी दिले. उरलेली शेती विहिरीच्या आणि आभाळाच्या भरवशावर चालते.

ह्या प्रदेशाविषयी बोलताना एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. बाजारापासून अलिप्त, आपल्यापुरते पिकवून खाणारी स्वयंपूर्ण खेडी येथे कधीकाळी होती आणि ती अलीकडे बिघडली, असे चित्र रंगविण्याचा मोह पुष्कळांस होतो. खानदेशाच्या बाबतीत ते टिकत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत, इंग्लंडमधील गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि येथील कापसास अपूर्व भाव आला. १८६३ मध्ये लोहमार्ग भुसावळपर्यंत पोचला. भडगाव तालुक्यातील कजगाव हे त्याच मार्गावरील स्थानक होय. खुद्द भडगावास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी प्रायोगिक शेती होती. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ येथील शेतकरी दूरच्या बाजारासाठी कापूस पिकवीत आला आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की असे असूनही त्याचे जेवण दीर्घकाळ बाजारावर अवलंबून राहिले नाही. कापसाच्या रानातच तो उडीद, मूग, तूर ह्यांच्या ओळी धरीत असे. दुसऱ्या तुकड्यात ज्वारी असे, आणि तिच्यातही पुन्हा कडधान्याची मिसळ असे. विकण्याचे पीक आणि खाण्याचे पीक एकाच बांधाच्या आत शेजारी म्हणून नांदत होते.

ही मिसळ हौसेची नव्हती. उडीद सत्तर-ऐंशी दिवसांत हाती येतो. ज्वारीस साडेतीन-चार महिने लागतात. तूर त्याहूनही मागून येते. पावसाने मध्येच ओढ दिली तर एक पीक जाई, पण सगळी एकदम जात नसत. उडदाच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात, ही गोष्ट शास्त्राने पुढे सांगितली. कडधान्यामागून येणारे पीक चांगले येते हा अनुभव त्याआधीपासून होता. ज्वारीचे कणीस घरात, कडबा बैलाच्या दावणीत, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या चुलीत, अशी एकाच शेताची विभागणी होत असे. नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीत पावसाळा संपल्यावर, मुरलेल्या ओलीवर, रब्बीची ‘दादर’ येई. दादर हे ह्या भागात ज्वारीच्या एका प्रकाराचे नाव आहे आणि तिची पांढरी, मऊ भाकरी ही येथील चवीची कसोटी मानली जाते. खरिपाची ज्वारी आणि दादर ह्या दोहोंना प्रमाण मराठीत एकच नाव पुरते. येथे पुरत नाही. ज्या वस्तूत लोकांचा व्यवहार गुंतलेला असतो तिच्यातील भेद भाषा सांभाळून ठेवते, ह्याचे हे एक साधे उदाहरण.

भडगावची बोली अहिराणी. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीत १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात ‘खानदेशी’ ही भिल्ली भाषांबरोबर घातलेली आहे, मराठीच्या खंडात नाही. ते वर्गीकरण कितपत योग्य हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. येथे एवढेच पुरे, की अहिराणीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो, आणि षष्ठीचा प्रत्यय ना-नी असा होतो. काळा तो ‘काया’, डाळ ती ‘दाय’, आणि कळण्याची भाकरी ती ‘कयनानी भाकर’. पूर्वेकडील लेवा बोलीतही ‘ळ’चा ‘य’ होतो; बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे तो उच्चार महाराष्ट्रभर परिचित झाला. म्हणजे कळणा हा शब्द एका जातीचा वा एका बोलीचा नाही. बोलीपरत्वे प्रत्यय बदलतो, पदार्थ तोच राहतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चुऱ्याचा वाचक असलेला शब्द भाकरीच्या पिठाचा वाचक कसा झाला? ह्यासाठी घरी डाळ कशी होत असे हे पाहणे अवश्य आहे. उडदास पाण्याचा वा तेलाचा हात लावून ते उन्हात वाळवीत, जात्यावर हलकेच भरडीत आणि सुपाने पाखडीत. ह्या एका क्रियेतून तीन वस्तू वेगळ्या होत. पहिली दुभंगलेली डाळ. ती सणावारासाठी ठेवावयाची, लेकीस पाठवावयाची किंवा अडीनडीस विकावयाची. दुसरी कणी आणि चुरा, म्हणजेच मूळ अर्थाचा कळणा. तो घरच्या माणसांसाठी. तिसरी सालपटे आणि बारीक भुसा, म्हणजे चुणी, ती गाईम्हशींसाठी. एकाच मापभर उडदात पाहुणा, घरचा माणूस आणि जनावर ह्या तिघांचे वाटे होत आणि सुपाखाली टाकाऊ असे काही उरत नसे. घरच्या माणसांचा जो कळणा, तो ज्वारीत मिसळून दळला जाई. पुढे ही मिसळ इतकी रुचली, की चुऱ्याची वाट न पाहता सालासकट अख्खे उडीदच ज्वारीत घालून दळू लागले, आणि चुऱ्याचे नाव मिश्रणास लागले, असा क्रम तर्काने मांडता येतो. अर्थविचाराच्या परिभाषेत ह्यास आधी अर्थविस्तार आणि मग अर्थोत्कर्ष म्हणता येईल. परंतु परिभाषा लावल्याने कारण सांगितले असे होत नाही. उत्कर्ष घडला तो ज्या घरात डाळही होती आणि कळणाही होता त्या घरात. जेथे डाळ दुसऱ्याच्या घरी जाई आणि केवळ कळणा पदरी पडे, तेथे शब्दाचा अर्थ दैन्याचाच राहिला. शब्दाची प्रतिष्ठा पदार्थात नव्हती; संपूर्ण दाणा कोणाच्या हाती आहे ह्यावर ती ठरत होती.

आहारशास्त्राने ह्या मिश्रणास दिलेला दुजोरा सुपरिचित आहे. ज्वारीत प्रथिने शेकडा दहाच्या आसपास असतात आणि उडदात सुमारे चोवीस. तृणधान्याच्या प्रथिनांत लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते, ते कडधान्यांत मुबलक असते. कडधान्यात मेथिओनीनची उणीव असते, ती तृणधान्य भरून काढते. दोन्ही एकत्र खाल्ल्याने प्रथिनांची प्रत सुधारते. मेक्सिकोतील मका आणि घेवडा ह्यांची जोडी ह्याच जातीची आहे, आणि तीही आधी शेतात जुळते व मग ताटात. कळण्याचा विशेष असा, की येथे डाळीसाठी वेगळे भांडे, वेगळे सरपण, वेगळी फोडणी लागत नाही. दिवसभर कापूस वेचावयास जाणाऱ्या बाईने पहाटे दोन भाकरी थापून फडक्यात बांधल्या, की डाळ त्यांतच आलेली असे. ज्या घरात कोरड्यास नव्हते त्या घरातही भाकरी एकटी नव्हती. लोककल्याणाचा हा भाग कोणी योजून केलेला नाही; तो जात्याच्या तोंडाशी घडला.

‘भाकर’ हा शब्दही ह्याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. भाकर खाल्ली का, ह्या प्रश्नात विचारलेले असते ते जेवण झाले का हे. ऑड्री रिचर्ड्स ह्या विदुषीने आफ्रिकेतील बेम्बा लोकांच्या शेती व आहाराविषयीच्या १९३९ मधील आपल्या ग्रंथात अशीच गोष्ट नोंदविली आहे: भरड धान्याची घट्ट लापशी पोटात गेली नसेल, तर इतर काहीही खाल्लेले असले तरी ते लोक जेवलो असे मानीत नाहीत. ज्या धान्याच्या नावाने जेवणास नाव मिळते ते धान्य त्या समाजाच्या सबंध वर्षाचा कणा असतो. ते पीक गेले की एक पदार्थ गेला असे होत नाही.

येथपर्यंत घरचा व्यवहार झाला. ज्याचे शेत नाही त्याचे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर खळ्यावर मिळत असे. धान्य घरी जाण्यापूर्वी खळ्यावरच त्यातून सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, महार अशा बलुतेदारांचे वाटे निघत. मजुरांची मजुरी पुष्कळदा धान्यातच चुके. सालदाराचे वर्ष खानदेशात आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, सुरू होते. त्या दिवशी ठरणाऱ्या मोबदल्यात पैशाबरोबर धान्याचाही बोल असे. ही देवाणघेवाण वजनाने नव्हे, मापाने होई. शेर, पायली ही घनमापे. माप भरल्यावर वर जो निमुळता ढीग राहतो त्यास मराठीत ‘शीग’ म्हणतात. माप शिगेने भरावयाचे की काठाशी सपाट करावयाचे, ह्यात देणाऱ्याची दानत दिसे आणि घेणाऱ्याचा मान ठरे. ‘शिगोशीग’ हे विशेषण त्यातूनच आले. १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने दशमान वजनमापे रूढ झाली आणि काट्यावर धान्य मोजले जाऊ लागले. काटा प्रामाणिक असतो, ह्याविषयी दुमत नाही. व्यापाऱ्याच्या मापाने नाडल्या गेलेल्या शेतकऱ्यास तर तो वरदानच ठरला. पण काट्यास शीग नसते. तराजूवर तोललेल्या धान्यात नात्याला जागा उरत नाही, बरी असो वा वाईट.

वाईटही होती, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. खळ्यावरील वाटा हा हक्क होता, पण सर्वांचा हक्क सारखा नव्हता आणि तो सारख्या रीतीने मिळतही नव्हता. सुताराच्या पदरात पडणारे धान्य आणि महाराच्या पदरात पडणारे धान्य ह्यांत केवळ मापाचा फरक नव्हता. एकास ते कामाबद्दल मिळे, दुसऱ्यास ते वाकून, दूर उभे राहून घ्यावे लागे, आणि त्याच्या मोबदल्यात गावची हवी ती कामे वेळी-अवेळी करावी लागत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध जो दीर्घ लढा दिला त्यातील कळीचा मुद्दा हाच होता, की धान्याच्या ह्या वाट्याने माणूस पोसला जात नाही, तर बांधला जातो. १९५८ मध्ये कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला. त्यामुळे स्थानिक अन्नव्यवस्थेचा एक धागा तुटला असे जो हळहळून म्हणेल, त्याने तो धागा कोणाच्या पायात होता हे पाहिलेले नाही असे म्हणावे लागेल. कळणाकोंडा ह्या जोडशब्दातील दैन्य कोठून आले, ह्याचे उत्तरही ह्याच ठिकाणी आहे.

दुसरा दोष पावसाचा. ज्या व्यवस्थेत सगळे वाटे एकाच खळ्यातून निघतात, तेथे ते खळे रिकामे राहिले की सगळे वाटे एकदम बुडतात. १८९९-१९०० च्या दुष्काळात खानदेशाची जी दुर्दशा झाली ती ह्याची साक्ष आहे. प्रा. अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ मधील दारिद्र्य व दुष्काळविषयक आपल्या ग्रंथात दाखविले, की दुष्काळात माणसे मरतात ती मुलखात अन्न नसते म्हणूनच असे नाही. त्या अन्नावरचा त्यांचा हक्क तुटलेला असतो. शेतमजूर आणि कारागीर आधी बळी पडतात, कारण त्यांचा हक्क दुसऱ्याच्या पिकावर आणि दुसऱ्याच्या गरजेवर टांगलेला असतो. पीक गेलेला शेतकरी न्हाव्यास बोलावीत नाही, आऊत भरून घेत नाही. सारांश, स्थानिक असणे एवढ्यानेच अन्नव्यवस्था सुरक्षित होत नाही. १९७२ च्या दुष्काळात माणसे तगली ती रोजगार हमीच्या कामांवर, सुकडीवर आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीवर. त्या तांबूस ज्वारीस नाके मुरडणाऱ्यांनीही ती खाल्ली.

ह्या दोन्ही दोषांसह ती व्यवस्था आणखी काही देत होती आणि ते मोजण्यास कठीण आहे. उन्हाळ्यात ज्वारीचे ‘बिबडे’ करतात. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून तिचे पीठ मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण, मिरची घालून शिजवितात आणि कापडावर पातळ थापून वाळवितात. हे काम एकट्या बाईचे नव्हे. आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी अशी गल्लीतील बायकांची सावड चालते, आणि पावसाळ्यात भाजी महाग होते तेव्हा प्रत्येक घरात काहीतरी डब्यात असते. हिवाळ्यात भरिताच्या निमित्ताने शेतावर मंडळी जमते. हिरवट, मोठी, कमी बियांची वांगी पऱ्हाट्यांच्या वा तुराट्यांच्या जाळावर भाजावयाची, लाकडी बडगीत ठेचावयाची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खावयाची. जळगावच्या ह्या भरिताच्या वांग्यास २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्याच वर्षी जळगावच्या केळ्यासही. दोहोंत एक अंतर आहे. केळे हे येथून मालगाडीने जाणारे पीक आहे; त्याने शेतकऱ्याचे घर बांधले, पण त्याच्या स्वयंपाकात त्यास फारसे स्थान मिळाले नाही. श्रावणातील कानबाईच्या उत्सवात भाऊबंद एकत्र येऊन ‘रोट’ करतात. त्याचे धान्य घरातील पुरुषांच्या संख्येवर मोजले जाते आणि दूरगावी गेलेल्या भावाचाही वाटा त्यात धरलेला असतो. कुटुंबाचा हा हिशोब धान्यात होतो हे महत्त्वाचे. पैशात तो करता आला नसता असे नाही, पण कोणी केला नाही.

कळण्याचे शेत कसे मागे पडले, ह्यात रहस्य काही नाही. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हे संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले. उत्पन्न दुप्पट-तिप्पट, पीक लवकर तयार. परंतु लवकर तयार होणारे कणीस परतीच्या पावसात सापडू लागले, दाणे बुरशीने काळे पडू लागले आणि अशा ज्वारीस बाजारात भाव मिळेना. ताट बुटके असल्याने कडबाही कमी. पुढे बैलांची संख्या घटली तेव्हा कडब्याचीही निकड राहिली नाही, आणि ज्वारीच्या बाजूने बोलणारे दुसरे कारण संपले. २००२ मध्ये जनुकीय बदल केलेल्या कापसास परवानगी मिळाली. त्याच्या महाग बियाण्याबरोबर एकच पीक सलग घेण्याची रीत बळावली. खरिपात मक्याने पाय पसरले. शेतकऱ्यास ह्याबद्दल दोष देणे अन्यायाचे आहे. कर्ज रोख फेडावे लागते, मुलांची फी रोख भरावी लागते, आणि ज्वारी रोख देत नाही. उडीद आजही पिकतो. पण तो पोत्याने बाजार समितीत जातो आणि तेथून डाळीच्या कारखान्यात. जळगाव हे डाळ-उद्योगाचे मोठे केंद्र आहे. डाळ, चुरा आणि चुणी हे तीन भाग आजही पडतात, पण ते कारखान्यात पडतात आणि तिघांच्या वाटा तीन बाजारांकडे जातात. घराकडे परत येते ती केवळ डाळ, तीही पाकिटातून.

ह्या ठिकाणी शासनाच्या स्वस्त धान्याचा विचार प्राप्त होतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास महिना पाच किलो, आणि अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला. २०२३ पासून ते मोफत आहे. खळ्यावर दूर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या नातवास आज धान्य मिळते ते कोणाच्या दानतीवर नव्हे, तर कायद्याने, आणि गावचे पीक बुडाले तरी मिळते. जुन्या व्यवस्थेचे वर सांगितलेले दोन्ही दोष ह्या एका गोष्टीने पुष्कळ अंशी दूर केले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हे धान्य मुख्यतः गहू आणि तांदूळ. काही हंगामांत आधारभूत किमतीने खरेदी केलेली ज्वारी वा मकाही वाटली गेली, ती अपवाद म्हणून. कायद्याच्या हक्कात कडधान्य नाही. कळण्यात तृणधान्य आणि कडधान्य ह्यांची जी गाठ होती ती येथे सुटली आहे: पोळीचा गहू हक्काने मिळतो, तिच्याबरोबरची डाळ भाव पाहून घ्यावी लागते, आणि भाव चढला की ती पातळ होते. भूमिहीन घराच्या पोटाची काळजी मिटली. त्याच्या ताटातील जोडी मात्र मोडली. ह्या मोडीची भरपाई जुन्या खळ्याकडे परत जाऊन होणार नाही. ती हक्काच्या धान्यातच उडीद, तूर, दादर ह्यांना जागा देऊन होऊ शकेल, आणि ते धान्य त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्याकडून घेतले गेले तर ज्वारीस जे रोख कारण आज नाही ते मिळेल. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले तेव्हा ज्वारीच्या गुणांची चर्चा पुष्कळ झाली. गुणांविषयी भडगावात कोणास शंका नव्हती.

‘स्थानिक’ ह्या शब्दाविषयीही थोडे सावध राहिलेले बरे. कळण्याच्या भाकरीवरचा ठेचा ज्या मिरचीचा, ती पोर्तुगीजांच्या मागोमाग अमेरिकेतून आली. भाकरीवरची तेलाची धार ज्या भुईमुगाची, तोही तिकडचाच. ज्वारी स्वतः आफ्रिकेतून आली, फार प्राचीन काळी. अन्न स्थानिक होते ते मुळाने नव्हे, तर त्याभोवती जुळलेल्या व्यवहाराने. नाही तर केळे ह्या ताटात कधीच बसले असते.

सध्या कळण्याच्या भाकरीस शहरात चांगले दिवस आले आहेत. जळगाव, धुळे, नाशिक, पुणे येथील खानदेशी भोजनालयांच्या पाट्यांवर ती शेवभाजी आणि भरिताबरोबर झळकते. महिला बचत गट कळण्याचे तयार पीठ विकतात आणि त्यातून घरी चार पैसे येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. पाटीवर आणि पाकिटावर शब्द छापला जातो तो ‘कळणा’ असा, प्रमाण मराठीच्या ‘ळ’सह, ‘कयना’ हे रूप बोलण्यात राहते. पाकिटावर ज्वारी किती आणि उडीद किती हे प्रमाण छापलेले असते, व ते दर वेळी तेच असते. घरी दळताना ते तसे नसे. ज्या साली उडीद चांगला पिके त्या साली पीठ काळे होई, ज्या साली पावसाने झोडपून शेंगा कुजत त्या साली ते फिकट राही, आणि दिवाळीनंतर गावात कोणाच्याही घरी भाकरी पुढे आली, की तिच्या रंगावरून खरीप कसा गेला हे न विचारता समजे.